पहिल्या बाराची बोरं

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून शिरूरकडच्या माळावर ॲपल बोराची कलमं लावली, तेव्हा भावकीत हसणाऱ्यांना तोटा नव्हता. "ही बोरं हायती का पेरू?" असं जो तो विचारी. दादा कलमांना पाणी घालत राहत. मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या माणसाला फार बोलायची सवय नसते.

माझी लेक वर्षाची झाली. त्या संक्रांतीला ते तिच्या बोरन्हाणासाठी बीडला आमच्याकडे आले, बोरांचं क्रेट घेऊन. एकेक बोर अंड्याएवढं, हिरवंगार. सकाळी सगळे अंघोळीच्या गडबडीत असताना मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार खाल्ली. करकरीत, रसाळ, आठळी एवढीशी. पाचवं उचललं आणि दादा दारात आले. मी ते पदराआड केलं.

"झाडांचा पहिला बार हाय," ते म्हणाले. "नातीच्या अंगावरून गेल्याबगर घरात कुणी खायाचं न्हाई. मी बी अजून चाखलं न्हाई."

वर्षभर पाणी घालून, स्वतःच्या हातानं तोडून या माणसानं एकही बोर तोंडात घातलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वळल्यावर पाचवं बोर मी गुपचूप क्रेटमध्ये परत ठेवलं.

संध्याकाळी लेकीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. दादांनी ओंजळभर बोरं उचलली, तशा सासूबाई व्याह्यांवर ओरडल्या, "इवाई, टकुरं फुटंल की लेकराचं!" त्यांनी बाजारातली बारकी बोरं आणून ठेवलीच होती. चुरमुऱ्यांत मिसळून तीच डोक्यावरून ओतली. पोरांची झुंबड उडाली. दादा ओंजळ तशीच धरून उभे. मला सासूबाईंचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पोरं पांगल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी पाच बोरं नातीच्या मांडीत ठेवली, ओटी भरावी तशी. ओटी भरणं बायकांचं काम. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लेकीनं एक बोर दोन्ही हातांनी उचललं आणि चार दातांनी कुरतडून टाकून दिलं. दादांनी ते उष्टं बोर उचलून खाल्लं, सावकाश, आठळी चोखून.

"लई गोड हाय," ते म्हणाले, आणि एक माझ्यापुढं धरलं. "घे. तू बी सकाळधरनं थांबलीस."

मी घेतलं. सकाळच्या चारांइतकंच गोड होतं.