आजींच्या ट्रेमध्ये गेलेली डायरी

माझा नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा साचा पाठवतात आणि हा मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतो. हात असा, की त्याने बनवलेले दात खोटे आहेत हे सख्ख्या भावालाही कळू नये. खोट होती ती तारखांत. मंगळवारचं काम शुक्रवारी, शुक्रवारचं देव जाणे कधी.

डायऱ्या त्याने कमी घेतल्या नाहीत. दरवर्षी नवी, आणि दरवर्षी बारा जानेवारीपर्यंत सुंदर अक्षरात भरलेली. पुढे कोरी करकरीत. ती कोरी पानं मी किराण्याच्या यादीला वापरायची आणि वर टोमणेही मारायची.

त्याच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. मेंदूची ठेवणच वेगळी, आळस नव्हे. घरी येताना जिन्यात थांबून त्याने विचारलं, "म्हणजे मी आळशी नाहीये?" आणि ढसाढसा रडला. ऊठसूट आळशी म्हणणारी मीच होते. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले.

बाई म्हणाल्या होत्या, "डायरी कपाटात गेली की तुमच्यासाठी ती संपली. डोळ्यांसमोरची जागा शोधा." जागा त्यानेच शोधली. प्रत्येक रुग्णाचा साचा, दात आणि चिठ्ठी एकेका ट्रेमध्ये असते आणि टेबलावरच्या ट्रेंकडे त्याचं लक्ष जातंच जातं. त्या रांगेत पहिल्या ट्रेमध्ये डायरी ठेवली. रोज सकाळी आठला मी चहा घेऊन समोर बसायचं, तोंड बंद ठेवायचं (हे मला किती जड गेलं ते शेजाऱ्यांना विचारा), आणि त्याने फक्त तीन ओळी लिहायच्या. दिवस चुकला तर मागचं भरत बसायचं नाही, सरळ आजचं पान उघडायचं. बघता बघता फेब्रुवारी लागला. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "गुरुवारी दहाला त्या आजी कवळी बसवायला येतायत. कवळी मिळाली नाही तर यापुढे तुझ्याकडे काम नाही." आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडूनच यायचं.

बुधवारी दुपारीच कवळी तयार झाली. संध्याकाळी डॉक्टरांचा माणूस आजींचा ट्रे घेऊन गेला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

गुरुवारी आठला चहा ठेवला तर डायरीच्या ट्रेमध्ये आजींची कवळी हसत होती. घाईत याने दोन्हींची अदलाबदल केली होती. डायरी गेली होती दवाखान्यात.

"संपलं सगळं," तो म्हणाला. मी कवळी डब्यात घातली आणि चपला अडकवून पळत सुटले.

दोन बस बदलून दहाला दोन मिनिटं कमी असताना दवाखान्यात पोहोचले. आजी पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी कवळी घेतली, आत जाऊन बसवली. आजींचं "अगंबाई, छान बसली की!" बाहेरपर्यंत ऐकू आलं.

मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर डायरी उघडी होती.

"वहिनी, यातला 'खडूस' मीच ना?"

'खडूसचा फोन घ्यायचाच', असं तीन ठिकाणी लिहिलं होतं.

"चिडलो नाही मी. हे बघा." त्यांनी पानं उलटली. अकरा दिवस पहिली ओळ एकच होती: 'आजींचे दात. त्यांना नीट जेवता आलं पाहिजे.' कुठे पुढे 'राहिलं', कुठे 'थोडं झालं'.

डॉक्टर म्हणाले, "बारा वर्षं मला वाटायचं, याला कशाची पर्वाच नाही."

"मलाही," मी म्हणाले. "आणि मी तर त्याच्याशी संसार करते."

पुढच्या आठवड्याची दोन कामं त्यांनी स्वतःच्या हाताने डायरीत लिहून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी हा दारातच उभा होता, चेहरा पांढराफटक. काम टिकलंय हे सांगण्याआधी मी त्याची माफी मागितली.