उत्तरार्ध भावोजींकडे

धाकटीचं वय चोपन्न. या वयात माणसाला कुणी धाकटी म्हणत नाही, पण घरात थोरली असली की दुसरीला सुटका नसते. लग्नाचं विचारलं की धाकटी म्हणायची, "हातातलं पुस्तक संपू दे, मग बघू." पुस्तकं संपत गेली, विचारणारेही संपले.

ती टायरच्या दुकानात काचेच्या केबिनमध्ये बसते. फोन घेते, बिलं करते, बाहेरच्या हातोड्यांच्या आवाजात "चौदा इंची आहे, पंधरा इंची परवा येईल" असं शांतपणे सांगते. टेबलाचा वरचा खण बिलांचा आणि खालचा कादंबऱ्यांचा. खालचा उघडा दिसला की मालक काचेवर टिचकी मारतात. "बाई, गिऱ्हाईक आलंय. तुमच्या नायकाला जरा बसायला सांगा."

मोबाइलवरच्या वाचकांच्या ग्रुपात मात्र तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. तिथे कुणी फुलांशेजारी पुस्तक ठेवून फोटो काढतं, कुणी वर्षभरात किती वाचलं याची बढाई मारतं, आणि अडलेले लोक धाकटीकडे येतात. रोग सांगायचा, ती पुस्तक सांगणार. एकीने लिहिलं होतं, "सासूबाईंशी वाजलंय, काहीतरी सुचवा." धाकटीने कळवलं, "जाडजूड घ्या. वाचूनही होईल."

या डॉक्टरकीचं गुपित म्हणजे थोरली. दोघींना एकच पुस्तक एकाच वेळी हवं असायचं आणि थांबायची तयारी कुणाचीच नसायची. लहानपणी यावरून झिंज्या उपटून झाल्या. मग थोरलीने एक दिवस पाव कापायची सुरी घेतली आणि पुस्तक कण्यात बरोबर मधोमध उभं चिरलं. तेव्हापासून, थोरली लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावरही, दोघींचं प्रत्येक पुस्तक दोन तुकड्यांत. थोरली आधी पूर्वार्ध वाचणार, तो धाकटीकडे आला की स्वतः उत्तरार्ध घेणार, आणि दोघींचं झालं की जाड चिकटपट्टी. धाकटीने एकदा असं पुस्तक ग्रुपात दाखवलं तर दोघांनी ग्रुप सोडला. तिसऱ्याने लिहिलं, "पोलिसांत द्यायला हवं."

थोरली ग्रुपात नव्हती. "इतक्या लोकांशी एकदम बोलायला मी काय निवडणुकीला उभी आहे?" पण ती सदा अर्धं पुस्तक पुढे असायची आणि तिथून फोन करायची. "तो गोरापान काका आहे ना, त्याच्यावर जीव लावू नकोस, नालायक निघतोय." धाकटी चिडायची, फोन आपटायची आणि काकापासून चार हात लांब राहायची. कुणाला काय झेपेल हे तिला ग्रुपात बिनचूक सांगता यायचं, कारण पुढे जाऊन रस्ता बघून येणारं माणूस तिच्या घरचंच होतं.

थोरली गेली ती बसल्या जागी. सकाळी कपडे घडी करत होती, हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी अर्धीच राहिली.

लोक येत होते, दुसऱ्या दिवशीही आले. धाकटी सगळ्यांना पाणी देत होती. दाढ काढण्याआधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, बोटाने दाबून बघावं तर शेजाऱ्याचा वाटतो. तिचं सगळं अंगच तसं झालं होतं. रडू आलं नाही. "खंबीर आहे हो," असं कुणीतरी मागे म्हणालं. खंबीर कसली, ती फक्त हजर होती.

आठवडाभराने ती दुकानात गेली. मालकांनी त्या दिवशी काचेवर टिचकी मारली नाही. मारायचं कारणही नव्हतं, कारण खालचा खण बंदच होता. अक्षरं दिसत होती, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात निसटायची.

थोरली गेली तेव्हा दोघींचं चालू होतं ते पुस्तक पांढऱ्या मुखपृष्ठाचं. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी उतारवयात बेकरी काढतात, त्याची गोष्ट. पूर्वार्ध धाकटीने आदल्याच आठवड्यात संपवला होता. भट्टी पेटत नाही, पहिला पाव विटेसारखा निघतो, एक म्हातारी तो दाराला अडसर म्हणून लावते. हसून पुरेवाट. उत्तरार्ध थोरलीच्या उशाशी होता. त्या गर्दीत धाकटीने तो पाहिला होता. उचलला असता तर कुणी हरकत घेतली नसती. हात पुढे झाला नाही.

ग्रुपात मात्र ती उत्तरं देत राहिली. हाताला सवय होती. थोरली गेल्याचं तिने तिथे कळवलंच नाही. हिरव्या दाराचा फोटो लावणारी एक बाई होती, तिने विचारलं, "आई दवाखान्यात आहे. तिला वाचून दाखवायला हवंय. हसवणारं, आणि ज्यात कुणी मरत नाही असं." धाकटीने लिहिलं, "बेकरीवाल्या दोघींचं घ्या, पांढऱ्या मुखपृष्ठाचं. बिनधास्त." लिहिलं आणि भाजी निवडायला बसली. पुस्तक आपण अर्धंच वाचलंय हे तिच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं अर्धं वाचलं तरी पुरायचं.

पंधरवड्याने हिरव्या दाराचा निरोप आला. रागाचा नव्हता, हेच वाईट.

"डॉक्टरीणबाई, त्यातली एक जण जाते हो. आईला मोठ्याने वाचत होते, वाक्य तोंडातून निघून गेल्यावर कळलं. पुस्तक मिटलं. आता आई रोज विचारते, पुढे काय झालं. मी सांगते, घरी विसरले. पुढचं तिला वाचून दाखवण्यासारखं आहे का, एवढंच सांगा. मला एकटीने वाचवत नाही."

धाकटीने मोबाइल उपडा ठेवला. एका गिऱ्हाइकाला चौदाऐवजी पंधरा इंची टायरचं बिल केलं. मालकांनी ते न बोलता दुरुस्त केलं. खोटं लिहिणं सोपं होतं. "हो, वाचा," म्हटलं की झालं. पण पलंगावरची ती आई डोळे लावून बसली होती, आणि पुढे काय आहे ते धाकटीला ठाऊक नव्हतं. फोन करून विचारावं असं कुणी आता नव्हतं.

रविवारी दुपारी ती थोरलीच्या घरी गेली. भावोजींनी दार उघडलं. शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

"ये. चहा टाकतो."

"तुम्हाला येतो?"

"येतो म्हणजे, होतो."

चहा पाकासारखा झाला होता. दोघांनी तो पुरता प्यायला. मग धाकटी म्हणाली, "ते अर्धं पुस्तक हवं होतं. पांढरं."

भावोजींनी आयुष्यात वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलं नव्हतं, पण त्यांना लगेच कळलं. आत जाऊन घेऊन आले. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. थोरली तिथवर पोचली होती.

"इथेच वाचू?"

"वाच की. मी काय, बसलोच आहे."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. भावोजी समोर शेंगा सोलायला लागले. ओळी निसटत होत्या, मग ती बोट ठेवून वाचू लागली, पहिलीतल्या पोरासारखी. बेकरीवाल्या दोघींतली बारकी म्हातारी खोकायला लागली. दुमडलेलं पान आलं, उलटलं. पुढच्याच प्रकरणात ती गेली. थोरलीला हे कळलंच नव्हतं. धाकटीने पुन्हा एकदा ते पान वाचलं. डोळे कोरडेच. उठून पाणी प्यायली आणि पुन्हा बसली, कारण कुणीतरी विचारलं होतं.

ऊन टेबलावरून उतरलं तेव्हा पुस्तक संपलं. तिने तिथेच मोबाइल काढला.

"माझी चूक झाली. मी अर्धंच वाचलं होतं, पुढचं माझी बहीण सांगायची. ती गेली. आज वाचलं. मधली पानं वाईट आहेत, ती दमाने घ्या, पण गाळू नका, आईंना लगेच कळेल. नंतर मोठी म्हातारी कितीतरी दिवस दुकान उघडत नाही. मग उघडते. पाव बेताचाच होतो, लोक घेतात. शेवटी आनंदीआनंद नाही. वाचून दाखवण्यासारखं आहे."

उत्तर आलं ते भावोजी दिवा लावत असताना. "आई म्हणते, ती खोकली तेव्हाच मला समजलं होतं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? उद्यापासून वाचतोय. तुमच्या बहिणीचं माहीत नव्हतं हो."

धाकटीने वाचलं. काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण सगळी वाक्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोक्यात राहिली होती, हे तिच्या लक्षात आलं.

"काय गं," भावोजी शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाले, "त्या बेकरीवाल्या दोघींचं काय झालं शेवटी? ही रोज जेवताना सांगायची. मला आपलं वाटायचं, तुमच्या माहेरच्या कुणी आहेत."

"माहेरच्या?"

"मग? भट्टी पेटत नाही म्हणून ही इतकी कळवळायची, मी म्हटलं आपला माणूस पाठवू का दुरुस्तीला."

धाकटीने पुस्तक जवळ ओढलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी ती शर्टाची बटणं नीट लावा."

भावोजींनी खाली पाहिलं आणि वरपासून एकेक बटण काढायला सुरुवात केली.