रिजवानने घेतलेले माप

कणाकणांत नांदणाऱ्या नारायणा, तुला वंदून कुंडलच्या रिजवान मिस्त्रीची कथा सांगतो.

बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवणाऱ्या त्याच्या वडिलांना, मोहिद्दीनचाचांना, गावातल्याच वीरधवलने भरबाजारात ‘भंगारवाला’ म्हटले होते. तो सल रिजवानने सात वर्षे जपला.

आज तोच वीरधवल रिजवानच्या गॅरेजच्या दारी आला. सांगलीत उंची कमी करून खाली बसवून घेतलेल्या, रुंद चाकांच्या त्याच्या रोजच्या सेडानमध्ये घरची माणसे बसली, की टायर वरच्या मडगार्डला घासत.

“रिकाम्या गाडीवर माप घेतलं रं त्यांनी!” वीरधवल म्हणाला.

“भरल्या गाडीचं माप आमचं अब्बाच घेत्यात. त्या भंगारवाल्याला हितं समद्यांसमोर इनंती कर, गड्या.”

वीरधवलची मान गाडीहून खाली गेली. “चाचा, चुकलो.”

चाचांनी त्यालाच जमलेल्या दोघांसोबत मागे बसवून टायर नि मडगार्डमधल्या फटीचे बोटांनी माप घेतले. “गाडी दोन बोटं उचल, रिजवान.”

रिजवानचे काळीज निवले.

देवा, या बापलेकांना नि त्यांच्या घराला सदा सुखी ठेव.