तीन मिनिटांचे साहेब

जगात मोजता येणार नाही अशी गोष्टच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे साहेब. नागभीडच्या शाळेत आयुष्यभर कबड्डी शिकवून निवृत्त झाले आणि चंद्रपूरला आमच्या सफारी-रिसॉर्टच्या फोन-विभागावर देखरेखीला आले. आम्ही तिघं पर्यटकांच्या तक्रारी ऐकायचो आणि साहेब आम्हाला मोजायचे. गळ्यात स्टॉपवॉच, हातात वही. फोन तीन मिनिटांत संपलाच पाहिजे. चौथं लागलं की ते मागे येऊन शिट्टी तोंडात धरायचे. वाजवायचे नाहीत, पण ते फुगलेले गाल पाहूनच आमची जीभ अडखळायची. चहा किती वेळात उकळला, कोणाची जांभई किती लांबली, सगळं वहीत. एकदा माझी एकच शिंक दोनदा नोंदली गेली, तेव्हा त्यांनी रीतसर माफी मागितली होती.

या वहीत मी कायम पहिला आणि कुरखेड्याच्या सुनीताबाई कायम शेवटच्या, कारण त्या समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकायच्या. मालकांनी शेवटच्याला काढायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मोहर्लीच्या रस्त्यावरून एका आजींचा फोन बाईंना आला. गाडी बंद, समोर अस्वल बसलेलं, आणि जावई गाडी ढकलायला खाली उतरायच्या बेतात. आमची जिप्सी निघाली, पण ती पोचायला वेळ होता. तीन मिनिटं होताच साहेब शिट्टीसह हजर.

"आजी, जावयाले धरून ठेवा," बाई सांगत होत्या. "काच नका उघडू. अस्वल आपल्या वाटेनं जाते."

मग आजींना धीर यावा म्हणून त्या लोणच्यापासून नातवापर्यंत काय काय विचारत राहिल्या. साहेबांच्या तोंडातली शिट्टी कधी गळाली, त्यांनाच कळलं नाही. ते स्टूल ओढून बसले. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "गेलं काय जी ते?"

"नाई, साहेब. बसूनच आहे."

जिप्सी पोचली तेव्हा कुठे ते उठलं. त्या दिवशी वेळेच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, 'अस्वल जाईपर्यंत'.

नंतर आठवडाभर ते जुन्या वह्या घेऊन बसले. एकाच तक्रारीसाठी पुन्हा फोन कोणाकोणाला करावा लागला, ते शोधत होते. मी झटपट वाटेला लावलेली माणसं तीन-तीनदा फोन करायची. बाईंची जवळजवळ कधीच नाही.

"मीच चुकीचं मोजून राह्यलो होतो," साहेब मालकांना म्हणाले. "बाईले काढाल, तर मले बी काढा."

बाई राहिल्या. मी शेवटचा झालो, पण साहेबांनी मलाही काढू दिलं नाही; महिनाभर बाईंशेजारी नुसतं ऐकायला बसवलं.

आता साहेब नागभीडला घरीच असतात. परवा भेटलो. त्यांना ऐकू कमी येतं. कानाशी हात धरून, मध्ये एकदाही न टोकता, त्यांनी माझी सगळी हकिकत ऐकली. निघताना फाटकापर्यंत आले.

"पुन्हा येशील काय?"

मी हो म्हटलं.

"काई काम नसलं तरी येजो."