सुताराची मोजणी

सुतार अबोल आणि कामाचा पक्का. बायकोचा लाकडी पायही त्यानंच घडवलेला. पंधरा वर्षांपूर्वी विहिरीमागच्या कुरणात सुरुंगानं तिचा पाय नेला, तेव्हापासून घरात त्या कुरणाचं नाव निघत नसे. सुरुंग शत्रूनं पुरले, असं सगळे म्हणत. सुतार नुसती मान डोलवायचा.

त्या सकाळी वासरू दावं तोडून तिकडे उधळलं आणि लेक त्याच्यामागे. कुंपण नि धोक्याची पाटी पुरानं कधीच वाहून नेली होती. मधल्या पांढऱ्या दगडाशी तिला मातीतून डोकावणारं सुरुंगाचं हिरवं झाकण दिसलं आणि ती जागच्या जागी थिजली.

किंकाळी ऐकून सुतार रंधा टाकून धावला. "हलू नकोस!" तो ओरडला. तीस वर्षांपूर्वी, लढाईत शिपाई असताना, त्यानंच त्या दगडापासून ढांगा मोजून सुरुंगांच्या रांगा पुरल्या होत्या, चार बोटं मातीखाली. शिपायांना जायला एकच वाट सोडलेली: दगडापासून विहिरीकडे नऊ ढांगा, मग उजवीकडे सहा, की रस्ता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

रस्त्यावरून तो आत शिरला. एक, दोन, तीन. गुडघा कुरकुरला आणि तो थबकला. ही कसली ढांग, हे तर म्हाताऱ्याचं पाऊल! मोजणी पंचविशीतल्या पायांची होती. आपल्याच ठशांवर पाय ठेवत तो मागे आला.

लेकीची चाल मात्र थेट त्याची, तरुणपणाची. त्यावरून तो तिला रोज चिडवायचा.

"अगं उंटा," त्यानं हाक दिली, "विहिरीकडे तोंड कर. नऊ ढांगा. रोज टाकतेस तशाच. घाबरून पाय आखडू नकोस."

"बाबा, मला नाही जमणार."

"जमेल. मी मोजतो."

आकड्यागणिक त्याचा जीव वरखाली होत होता. पाचव्याला ती डगमगली, तेव्हा तो श्वास घ्यायचाच विसरला. नऊ. उजवीकडे. सहाव्या ढांगेला ती त्याच्या अंगावर कोसळली आणि दोघं हमसून हमसून रडली. वासरू केव्हाच गोठ्यात परतलं होतं.

लेकीनं डोळे पुसले. "बाबा, तुम्हाला हे आकडे कसे ठाऊक?"

त्यानं मागे पाहिलं. रस्त्यावर बायको धापा टाकत उभी होती, त्यानं घडवलेल्या पायावर. तिनं सगळी मोजणी ऐकली होती.

"आणि मी?" तिनं विचारलं. "मी कितव्या ढांगेवर होते?"

सुताराला तोही आकडा पाठ होता.