मुश्ताकने झांजा का काढल्या

रेहानाभाभींचा, मुश्ताकच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मुलांच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. "ताई, मुश्ताक गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ फोनवर गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड ऐकू येत राहिली... झोपेतच हृदय बंद पडलं. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या बँडची जुनी गाणी पुन्हा फिरायला लागली आणि लोक मला एकच गोष्ट विचारू लागले, तुमच्या दुसऱ्या अल्बमचा आवाज असा वेगळा का? मुश्ताकने हे कधी लपवलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, कारण प्रश्न विचारायचं काम नेहमी तोच करायचा.

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. मुश्ताक भिवंडीतल्या कोकणी मुसलमान मागवाल्यांच्या घरातला, आणि मी नि माझा मोठा भाऊ नितीन शेजारच्या राहनाळ गावचे आगरी. नितीन नि मुश्ताक कॉलेजात एका बाकावर बसायचे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात फिल्मी गाणी वाजवून कंटाळले, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या सीडींवरचं परदेशी अल्टरनेटिव्ह रॉक ऐकून वेडे झाले. नितीनची गिटार, मुश्ताकचे ड्रम्स. गायला कुणीच मिळेना तेव्हा मुश्ताक म्हणाला, "वैशालीचा गळा काय वाईट हाय?" माझा गळा म्हणजे हळदीला धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गाणाऱ्या आत्याकडून उचललेला, मांडवाच्या पार टोकाला पोचेल असा. तोच रॉकमध्ये घुसवला. बँडचं नाव ठेवलं 'धोटा', मागावर डावीउजवीकडे धावत कापड विणतो तो.

पहिला अल्बम करायचा म्हणजे मोठीच पंचाईत होती. लाईट असेल तेव्हा सगळी भिवंडी खडखडायची, आणि लोडशेडिंगमध्ये शांतता व्हायची तर रेकॉर्डिंगला लाईट नसायची! शेवटी राहनाळला बाबांचं एक गोदाम रिकामं होतं तिथे भाड्याचा जनरेटर आणला. पण त्याची घरघर प्रत्येक गाण्यात घुसायची. नितीन वैतागला, "ह्या डब्यात काय व्हनार न्हाय." मुश्ताक मात्र जनरेटरला कान लावून उकिडवा बसला होता. "थांब ना यार. हा कुठल्या सुरात हाय ते तर बघू." आणि त्याने खरंच सूर शोधला. गिटार त्या सुरात लावली, मला त्या पट्टीत गायला लावलं, अख्खा अल्बम त्या घरघरीवर बांधला. नाव ठेवलं 'लाईट गेली'. पुढे एका समीक्षकाने लिहिलं, मागे तंबोऱ्यासारखं काहीतरी गूढ वाजत राहतं. आम्ही हसून लोटपोट झालो. मुश्ताक गंभीरपणे म्हणाला, "मग तंबोऱ्यात पण डिझेल घालत असतील काय?"

त्या अल्बममुळे ठाण्यामुंबईच्या कॉलेजांत कार्यक्रम मिळू लागले. 'दुसरी पाळी' या दुसऱ्या अल्बमच्या वेळी तर सगळं मुश्ताकनेच करायचं ठरवलं, वाजवणं आणि आवाज जुळवणंही. त्याने तयार केलेलं पहिलं गाणं लावलं आणि नितीनने दोन्ही कान झाकले. ड्रमसेटच्या पितळी झांजा सुरीसारख्या कानात जात होत्या.

"कमी कर रे त्या!"

"मला तर कमीच वाटतात," मुश्ताक म्हणाला. तो मस्करी करत नव्हता. दोघांची जुंपली, आठवडाभर बोलले नाहीत. मला मधे पडावं लागलं. डोकी थंड व्हावीत म्हणून, किंवा गरम पाण्यात शेकून निघावीत म्हणून, मी दोघांना अकलोलीच्या गरम कुंडांवर घेऊन गेले.

कुंडात पाय सोडून आम्ही बसलो होतो. ऊन कलत होतं, वरच्या झाडावर पाखरांनी नुसता गोंधळ मांडला होता. मुश्ताक आजूबाजूला बघत म्हणाला, "किती शांत हाय ना इथे. पाखरं पण न्हायत."

नितीनने माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हणाले, "मुश्ताक, पाखरं ओरडतायत. खूप."

त्याने वर बघितलं. पानं हलत होती, पाखरं दिसत होती. कितीतरी वेळ तो त्यांच्या उघडमीट होणाऱ्या चोचींकडे बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल. पण तो वळून म्हणाला, "कसं ओरडतंय ते? गाऊन दाखव." मी गायले. त्याने मान हलवली. "अजून खाली." मी सूर उतरवत गेले, उतरवत गेले, आणि एका ठिकाणी त्याचा चेहरा उजळला. "असं हाय होय!" नितीन तेव्हा तोंडावर पाणी मारत होता, बराच वेळ मारत राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणापासून मागांच्या आवाजात वाढलेले कान, उंच सूर गेले ते परत यायचे नाहीत. ड्रम्स वाजवाल तर उरलेलंही जाईल. ड्रम्स सोडणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने पाना घेऊन ड्रमसेटवरच्या सगळ्या झांजा काढल्या. "जे मला ऐकू येत न्हाय ते मी का वाजवू? हा एक अल्बम करू या, मग ड्रम्स बंद." झांजा गेल्यावर मधे केवढी तरी जागा रिकामी झाली, आणि त्या जागेत माझा आवाज मोकळा फिरू लागला. मी उंच गायचे तेव्हा मुश्ताकला तो पोचायचा नाही. तो स्पीकरवर तळवा ठेवून विचारायचा, "आता कुठपर्यंत गेलीस?"

शब्द त्याने पाळला. 'धोटा'चा तिसरा अल्बम झाला नाही. नितीनने मानकोलीला गोदामांचा धंदा सुरू केला, मी लग्न होऊन कल्याणला आले. मुश्ताक माग सांभाळत राहिला.

परवा त्याच्या घरी गेले. दाराची बेल दाबली तर इतर घरांच्या बेलसारखा पाखरांचा चिवचिवाट झालाच नाही. उंबऱ्याखाली कुठेतरी ढम्म झालं, खोल, आणि पायांतून वर आलं. रेहानाभाभींनी दार उघडलं. "त्यांनी स्वतः बनवली होती," त्या म्हणाल्या. "पाहुणे दचकतात. पोरं बोलतात, आता साधी लावू." त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. "मी बोलले, न्हाय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी परत दाराबाहेर आले, चपला काढल्या, आणि अनवाणी उभी राहून बेल पुन्हा दाबली.