आतून लावलेली कडी

त्यानं आतून कडी लावली, तेव्हा आपण एकटीनं यायला नको होतं, असं मला वाटलं.

पाटोद्याजवळच्या वस्तीवरचं ते एका खोलीचं पत्र्याचं घर. लहानपणीचे आघात आणि बालगुन्हेगारी हा माझ्या पीएच.डी.चा विषय, आणि हा माणूस पोरवयात निरीक्षणगृहात राहून आलेला. कोपऱ्यात त्याची लहानगी मुलगी झोपली होती. तो दाराला पाठ टेकून बसला. मी पाण्याच्या बाटलीसाठी पिशवीत हात घातला तरी तो अर्धवट उठायचा.

“लहानपणी सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?” मी कसंबसं विचारलं. मार, दारू, उपास, असलंच काही तो सांगेल हे मी धरून चालले होते.

“माय-बाप ऊसतोडीला गेलते. पोरगं रडंल म्हणून मला झोपेतच सोडून गेले. उठलो तर घरात कुणीच न्हाई.” तो कडी चाचपत होता. “पुढच्या साली त्यांना न्यायला मुकादम आला, तवा त्याच्या डोक्यात दगड घातला.”

मी प्रश्न आवरते घेतले आणि उठले. तोही उठला.

“ताई, अशा जाऊ नका.”

मी पिशवी छातीशी घट्ट धरली. त्यानं वाकून मुलीला हलवलं.

“ऊठ माय. ताई जायल्यात.”

मुलगी कुरकुरली नाही. सवय असल्यासारखी उठून बसली आणि डोळे चोळत माझ्याकडे बघत राहिली.

“येते गं,” मी म्हणाले.

मग त्यानं कडी काढली.